फिरवून आणलं की घरात येऊन सू! तळं एकच, कारणं तीन

पाऊण तास फिरवायचं. झाडं हुंगून झाली, विजेचे खांब हुंगून झाले, पार्किंगमधल्या एकूण एक ॲक्टिवाचं मागचं चाक हुंगून झालं, पण एक थेंब नाही. मग तीन मजले चढून वर या, दार उघडा, लीश काढा, आणि मी चपला रॅकमध्ये ठेवतेय तोवर ही कुत्री, बया हॉलच्या मधोमध बसून धो धो मोकळी. वर शेपूट हलवतेय, म्हणजे झालं बघा काम, आणा आता खायला.

"अगदी आमच्याकडचंच" असं वाटलं असेल तर पुढे वाचा. आमच्याकडे हा प्रकार एका वर्षात तीन वेळा झाला, म्हणजे दोनदा पूर्ण बंद होऊन परत सुरू झाला. प्रत्येक वेळी आम्ही मागच्या वेळचा उपाय घेऊन बसलो आणि प्रत्येक वेळी तोंडावर आपटलो, कारण तळं तेच असलं तरी कारण दरवेळी वेगळं होतं.

आधी थोडी ओळख. टिकली, इंडी म्हणजे आपली देशी कुत्री, मादी, साधारण दोन वर्षांची, काळी आणि कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. नसबंदी झालेली, त्याची खूण म्हणून कानाला तो व्ही कट आहे. आमच्याकडे यायच्या आधी सात-आठ महिने शेल्टरमध्ये होती. आम्ही सिंहगड रोडला राहतो, जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही. हॉलमध्ये मोझॅक टाइल्स, स्वयंपाकघरात आणि मागच्या पॅसेजमध्ये शहाबादी फरशी (हे मुद्दाम सांगतेय, पुढे कामाला येईल). घरात मी, नवरा, सासूबाई, आणि सकाळी कामाला येणाऱ्या मावशी, ज्यांचं मत या विषयात सगळ्यात जास्त मोजायला हवं होतं कारण पुसायला त्यांनाच लागायचं.

पहिली फेरी, फेब्रुवारी. टिकली येऊन पाच-सहा दिवस झालेले. घरात प्रत्येकाकडे उपाय तयार. सासूबाई म्हणाल्या पेपरची सुरळी करून जमिनीवर आपटा. नवऱ्याला त्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की नाक तिथे नेऊन दाखवा. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, रस्त्यावरचंच जनावर ते, त्याला काय घराची सवय लागणार, आणलंत तिथे सोडून या. मी फिरवायचा वेळ अर्ध्या तासाचा पाऊण तास केला. आणि मावशींनी फिनाईल दुप्पट केलं.

पेपरची सुरळी दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये तळं बंद! आम्ही खूश. मग पाचव्या दिवशी दिवाणाच्या मागून वास यायला लागला. तिला काय कळलं होतं, तर या लोकांसमोर सू केली की आवाज होतो, तेव्हा लपून करा. आणि याचा दुसरा तोटा लगेच लक्षात येत नाही, तो असा की जे कुत्रं माणसासमोर सू करायला घाबरतं ते बाहेर तरी कसं करेल, लीशच्या दुसऱ्या टोकाला माणूसच असतो ना! म्हणजे आम्ही आपल्याच हाताने प्रॉब्लेम घट्ट केला. नाक नेऊन दाखवणं तर मी करूच दिलं नाही, नवऱ्याला म्हटलं तुझं नेऊ का आधी.

आणि ते "बघ कशी मुद्दाम करते, चेहराच सांगतोय" हे सोडून द्या. तो पडेल चेहरा आपल्या आवाजाला आणि उभं राहण्याच्या पद्धतीला असतो. तळं तुमच्या आधी दुसऱ्या कुणी पुसून ठेवलं आणि तुम्ही नुसते तशाच आवाजात बोललात तरी तोच चेहरा होतो, आमच्याकडे झालाय.

मग मी एक काम केलं जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय लटकतं, दूध आलं नाही की त्यावर फुली मारायची सवय घरात आहेच, त्याच चौकोनात टिकलीच्या नोंदी सुरू केल्या. बाहेर केली तर ब, घरात केली तर घ, शेजारी वेळ, आणि घ असेल तर थोडी की खूप आणि त्याच्या आधी काय झालं. चार दिवसांत चित्र दिसायला लागलं. ब जवळपास शून्य. घ रोज तीन-चार, सगळे भरपूर, सगळे बाहेरून आल्यावर दहा मिनिटांच्या आत, आणि सगळे ताज्या पुसलेल्या फरशीवर.

ताजी पुसलेली फरशी. मी शेल्टरमध्ये फोन करून विचारलं की हिचा दिवस कसा जायचा तुमच्याकडे. तर सिमेंटचा कोबा, सकाळ-संध्याकाळ पाइपने धुऊन फिनाईल मारायचे, कुत्री तिथेच सगळं उरकायची, फिरायला नेणं व्हॉलंटियर आले तरच. म्हणजे सात-आठ महिने तिच्या लेखी कडक, गार, फिनाईलच्या वासाची जमीन म्हणजे संडास. आणि आमचं घर? कडक, गार, दुप्पट फिनाईल! आम्ही रोज सकाळी तिच्यासाठी अख्ख्या घराचा संडास तयार करून ठेवत होतो. हा माझा अंदाज आहे, ती काही बोलून दाखवत नाही, पण फिनाईल बंद केल्यावर जो फरक पडला त्यावरून मी या अंदाजावर ठाम आहे.

साफ करण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण इथेच बहुतेकांचं अडतं. फिनाईलने आपल्या नाकाला वास झाकला जातो, कुत्र्याच्या नाकाला नाही. लघवीतलं युरिक ॲसिड साध्या पाण्याने आणि फिनाईलने नीट निघत नाही, ते फरशीच्या सांध्यांमध्ये बसून राहतं आणि दमट हवा झाली की परत वास मारतं. त्यासाठी एन्झाइमवालं क्लीनर लागतं, पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन मिळतं, फिनाईलपेक्षा बरंच महाग आहे पण दुसरा इलाज नाही. आणि ते वापरायची पद्धत वेगळी आहे, मारलं आणि लगेच पुसलं असं नाही चालत, आधी तळं कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचं, मग क्लीनर भरपूर ओतायचं, बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ओलं राहू द्यायचं, मग आपोआप वाळू द्यायचं. आधी फिनाईल किंवा डेटॉल मारलेलं असेल तर त्याने एन्झाइमचं काम बिघडू शकतं, म्हणून पहिल्यांदा साध्या पाण्याने दोनदा पुसून घ्या.

जुने डाग शोधायला छोटा यूव्ही टॉर्च घेतला. रात्री दिवे बंद करून हॉलभर मारला तर दिवाणाच्या मागे, टीव्हीच्या कोपऱ्यात, पायपुसण्यावर पिवळट हिरवट चमकणारे ठिपकेच ठिपके, आकाशदर्शनच म्हणा ना. सासूबाई म्हणाल्या दिवा लाव गं, मला बघवत नाही. पायपुसणं टाकूनच दिलं.

आता शहाबादीचं. ऑनलाइन सगळीकडे व्हिनेगर वापरा म्हणून सांगतात. व्हिट्रिफाइड टाइल्सवर ठीक आहे, पण शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, मार्बलही त्याच जातीतला, त्यावर आम्ल पडलं की दगडच खाल्ला जातो, चकाकी जाते आणि मग तो जास्तच पाणी शोषतो. मोझॅकमध्ये सिमेंट आणि मार्बलचे तुकडे असतात, तिथेही तेच. लिंबू नको, ॲसिड तर अजिबात नको. आणि ब्लीच लघवीवर ओतू नका, लघवीतल्या अमोनियाबरोबर मिळून विषारी वायू तयार होतो. ब्लीच आणि ॲसिड एकत्र तर कधीच नाही. मावशींना हे नीट बसून सांगा, नाहीतर बाथरूममधली बाटली त्या चांगल्या मनाने घेऊन येतात. आमच्या मावशींना फिनाईल नाही म्हणजे फरशी पुसलीच नाही असं वाटायचं, आठवडाभर त्या माझ्यावर रुसलेल्या होत्या. शेवटी साधं पाणी आणि थोडा लिक्विड सोप यावर तडजोड झाली, आणि फरशी वाळेपर्यंत टिकली बाहेरच्या खोलीत माझ्याजवळ.

हे झालं घरातलं. बाहेर ती का करत नव्हती हा दुसरा अर्धा भाग. एक तर मेन रोडला तिला पीएमपीच्या बसचा आवाज सहन होत नव्हता, शेपूट पोटाखाली, कान मागे, अशा अवस्थेत कुणाला सू होईल. दुसरं, मातीवर आणि गवतावर कसं करायचं हेच ती विसरली होती. तिसरं माझं चुकत होतं. दुसऱ्या आठवड्यात कधीतरी एकदा तिने चुकून बाहेर केली की मी "चला झालं काम" म्हणून लगेच घरी वळायचे, ऑफिसची घाई. कुत्र्याच्या बाजूने बघा, सू केली की फिरणं संपतं! मग ती शहाणी, दाबून धरणारच.

म्हणून फिरणं आणि सू वेगळं केलं. बिल्डिंगच्या मागे पंपरूमजवळ सिमेंटचा कट्टा आहे, तिथे वर्दळ नाही. सेक्रेटरींना आधी विचारून घेतलं, रोज बादलीभर पाणी मारायचं कबूल केलं. घरातलं तळं टिपलेला पेपर तिथे नेऊन ठेवला, वास कळावा म्हणून. तिथे जाऊन नुसतं उभं राहायचं, मोबाइल खिशात, तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, दहा मिनिटं. केली तर तिथल्या तिथे, दोन सेकंदांत उकडलेल्या चिकनचा तुकडा, घरी येऊन नाही, घरी येईपर्यंत कशाबद्दल मिळाला हे तिला कळत नाही. आणि मग फिरायला, सू केल्याचं बक्षीस म्हणून. करताना हळूच "सू कर" म्हणत राहिलो तर आता तो शब्दच पुरतो. कट्ट्यावर जमल्यावर दर दोन-चार दिवसांनी थोडं थोडं मातीकडे सरकलो.

नाही केली तर? तर वर यायचं पण लीश काढायची नाही. लीश माझ्या कमरेला बांधलेली, मी स्वयंपाकघरात तर ती स्वयंपाकघरात, पंधरा मिनिटांनी परत खाली. पहिल्या दिवशी मी असे तीन मजले पाच वेळा चढले-उतरले आणि पाचव्या वेळी तिने केली, आणि मी पंपरूमपाशी एकटीच टाळ्या वाजवल्या, वरून जोशी काकू बघत होत्या, असो. सकाळी उठल्या उठल्या, जेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी, दुपारच्या झोपेतून उठली की, आणि रात्री झोपायच्या आधी, या वेळा चुकवायच्या नाहीत. पाणी मात्र कमी करू नका, पुण्याच्या मार्च-एप्रिलमध्ये तर नकोच. तीन आठवड्यांनी कालनिर्णयावर सगळे ब.

पिल्लू असेल तर हे सगळं लागू पण तासांचा हिशेब वेगळा, जितके महिने वय त्यात एक मिळवा, साधारण तितके तास जास्तीत जास्त धरू शकतं, आणि तेही रोज जमेलच असं नाही.

दुसरी फेरी, जुलै. चारेक महिने सगळं छान आणि मग एक दिवस परत हॉलमध्ये तळं. मी लगेच चिकन, कट्टा, कमरेला लीश सगळं परत सुरू केलं. काही उपयोग नाही. कालनिर्णय बघितलं (नोंदी मी तोवर बंद केल्या होत्या, परत सुरू केल्या) तर घ फक्त जोराच्या पावसाच्या दिवशी. बाईसाहेबांना पोट भिजलेलं आवडत नाही. जिन्याच्या तोंडाशी पाय रोवून उभ्या, ओढलं तर मान काढून पट्ट्यातून निसटायची तयारी. हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) घ्या, गळ्यातल्या पट्ट्यातून निसटून पळालेलं घाबरट कुत्रं पावसात शोधणं काय असतं ते देव करो आणि तुम्हाला कळू नये.

यावर ट्रेनिंग कमी आणि जुगाड जास्त. मोठी काळी आजोबा छत्री, ती कट्ट्यावर दोघींच्या डोक्यावर धरायची, रेनकोट तिने दोन मिनिटांत फाडला. पावसाची उघडीप दिसली की वेळ नसली तरी लगेच खाली. आणि मागच्या बाल्कनीत एक मोठा प्लास्टिकचा ट्रे, त्यात माती आणि वर काथ्याची चटई, तिथे केली तरी चिकन. बाल्कनी कायमची सवय होईल अशी मला भीती होती, पण सप्टेंबर संपता संपता ट्रे काढला तर तिने काही कुरकुर केली नाही. घरात आल्यावर पंजे आणि पोट पुसायला एक टॉवेल दाराशीच ठेवा, नुसतं पुसून मिळतं म्हणून ती आता पावसात बाहेर जायला तयार होते.

तिसरी फेरी, ऑक्टोबर, आणि ही सांगताना मला अजून अपराधी वाटतं. पाऊस नाही, फिनाईल नाही, बाहेरही व्यवस्थित करतेय, आणि तरी घरात तळी, रात्री दोन वाजता, पहाटे पाच वाजता, आणि केवढी! मी वैतागले. म्हटलं आता ही खरंच मुद्दाम करतेय, एकदा ओरडलेसुद्धा. मग चार दिवसांचे चौकोन भरले तर घ आणि ब दोन्ही वाढलेले, म्हणजे एकूणच लघवी दुप्पट. आणि सासूबाई सहज म्हणाल्या, अगं हिचं पाण्याचं भांडं मी आज चौथ्यांदा भरलं.

झालं काय होतं, पावसाळ्यानंतर तिला अंगावर खाज सुटली होती, डॉक्टरांनी प्रेडनिसोलोन दिलं होतं. हे स्टिरॉइड आहे, त्याने तहान वाढते आणि लघवी वाढते, अगदी ठरलेला परिणाम. डॉक्टरांनी सांगितलंही होतं, "पाणी जास्त पिईल, बाहेर जास्त वेळा न्या", मी ऐकलं आणि विसरले. आणि इथे एक गोष्ट कृपा करून करू नका, हे औषध आपल्या मनाने एकदम बंद करू नका, ते हळूहळू कमी करावं लागतं, डॉक्टरांना फोन करा. आम्ही रात्री अकरा आणि पहाटे पाच अशा दोन जादा फेऱ्या लावल्या, डोस कमी झाला तशी तळी बंद झाली. ट्रेनिंगशी काडीचा संबंध नव्हता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की उपाय शोधायच्या आधी तळं वाचा. बाहेरून आल्या आल्या भरपूर, तर आमची पहिली फेरी. कुणी घरात आलं, वाकून डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच दबून दोन-चार थेंब, तर ती भीतीची किंवा अति आनंदाची सू आहे, ओरडलात तर वाढणार. आमच्या नणंदबाई आल्या की हे व्हायचं, त्यांना सांगितलं की दारात हिच्याकडे बघू नका, आत येऊन बसा, ती स्वतः येईल, मग छातीवर बाजूने खाजवा. सोफ्याच्या पायावर, पडद्याच्या टोकावर थोडी थोडी, तर मार्किंग, म्हणजे ही जागा माझी अशी खूण, बहुतेक नर, नसबंदीने पुष्कळांचं कमी होतं पण दुसऱ्या दिवशी लगेच नाही. आणि झोपलेल्या जागीच ओलं, उठल्यावर तिलाच आश्चर्य, तर ती गळती आहे, नसबंदी झालेल्या माद्यांमध्ये होते आणि त्यावर औषध आहे. परत परत बसते, कुंथते, थेंबच येतात, रंग लालसर, तर इन्फेक्शन किंवा खडा असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टर. नर कुंथतोय आणि काहीच येत नाहीये तर रात्र असली तरी थांबू नका. मादीची नसबंदी झालेली नसेल, महिना-दोन महिन्यांपूर्वी माजावर येऊन गेली असेल आणि आता खूप पाणी पिऊन मलूल पडली असेल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, तिथेही तासांचाच प्रश्न असतो.

लघवीचा नमुना कसा घ्यायचा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळची पहिली, ती बसली की मागून हळूच लांब दांड्याचा डाव खाली सरकवायचा. पहिले दोन दिवस टिकली वळून डावाकडेच बघत बसली. तिसऱ्या दिवशी जमलं. स्वच्छ डबीत भरून तासा-दोन तासांत द्यायचा, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये ठेवताना डबीवर नाव लिहा, आमच्याकडे ती लिंबाच्या सरबताच्या शेजारी ठेवली गेली होती आणि त्यावरून जे रामायण झालं ते वेगळंच. तो आमटीचा डाव आता कायमचा टिकलीच्या मालकीचा, मागच्या पॅसेजमध्ये खिळ्याला टांगलेला असतो.

दिवाळीत फटाक्यांमुळे दोन तळी झाली, ती मी मोजत नाही. संध्याकाळची फेरी पाचच्या आत उरकायची, मग खिडक्या बंद, पंखा फुल, टीव्ही लावलेला, आणि रात्री बारानंतर शांत झालं की परत एकदा खाली, हार्नेस आणि लीश दोन्ही नीट तपासून. या महिन्याच्या पानावर आतापर्यंत एकच घ आहे, रविवारी सकाळी साडेआठचा, आणि त्याच्यापुढे नवऱ्याने माझं नाव लिहून ठेवलंय कारण उशिरा मी उठले होते.